भोपळ्याचं ध्रुवतारू

मानवजातीच्या अवकाशप्रवासात मिरजेच्या भोपळ्याचं स्थान इतिहास कधीही विसरणार नाही. इतिहासाला ते मुळात ठाऊकच नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्न येत नाही.

हमीद शिकलगारांनी सतारीसाठी वाळवलेला सगळ्यात हलका भोपळा बाजूला काढला, तेव्हा त्यांच्या दुकानावरून दूध, औषधं आणि कुणाची तरी बिर्याणी एकापाठोपाठ एक उडत गेली. वर कुणी पाहिलं नाही. 'स्वयंतोल' आल्यापासून वर पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. नखाएवढी चकती, ती बसवली की खुर्चीसुद्धा आपला तोल सांभाळत उडायची. आणि ती बसवल्याशिवाय पतंगालाही परवानगी नव्हती.

"हा पोटाला," जनार्दन निमकर म्हणाले. ते शाळेपासूनचे मित्र. त्यांच्या हातात मुलांच्या एका बंद पडलेल्या मासिकाचं पान होतं आणि पानावर 'ध्रुवतारू' हे ढेरपोटं, चिमुकल्या पंखांचं अवकाशयान. सातवीत दोघांनी ते पुठ्ठ्याचं केलं होतं. शाळेच्या गच्चीवरून ते थेट हेडमास्तरांच्या डब्यावर उतरलं होतं.

"या वेळी मी उडवणार. माझ्या हातानं." निमकरांचा हात थरथरत होता. "सकाळच्या गोळीनंतर तासभर स्थिर असतो. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर तेवढंही सांगता येत नाही."

"उडवणार चकती, लेका. तू नुसता रिमोट धरणार."

"तिला जमेना की ती सोडते. 'ताबा चालकाकडे' म्हणते. नियमावलीत आहे, पान एकशे बारा."

"आणि तिला जमत नाही कधी?"

"आजवर तसं झालेलं नाही."

हमीद तीन आठवडे भोपळा आतून खरवडत होते. मोजमापाला अ‍ॅप होतं. त्यांनी तो बोटावर तोलला, टिचकी मारून ऐकला, पुन्हा खरवडला. फक्त हाताच्या सवयीनं एक चूक झाली: आतल्या पट्ट्या त्यांनी वाद्याला बसवतात तशा बसवल्या. म्हणजे यान घुमणार होतं.

रविवारी सकाळी, गोळीनंतर अर्ध्या तासानं, दोघं कृष्णाकाठच्या माळावर गेले. कायद्याप्रमाणे हमीदनी मोबाइलवरून उड्डाण सुरू केलं. ध्रुवतारू उठलं आणि सरकारी कर्मचाऱ्यासारखं नेमून दिलेल्या गोलात फिरू लागलं. निमकर रिमोटच्या दांड्या हलवत होते. यानाला त्याचं काही नव्हतं.

"बघ, ऐकतच नाही," निमकर म्हणाले. त्यांचा आवाज सातवीतला झाला होता.

तेवढ्यात वारा आला, मोटारीचा वेग वाढला आणि भोपळ्याला आपला सूर सापडला. अख्खा माळ घुमला. चकतीनं आयुष्यात असलं काही ऐकलं नव्हतं. हमीदच्या मोबाइलवर अक्षरं उमटली: 'अनोळखी कंपन. ताबा चालकाकडे.'

"जन्या, सोडलं तिनं! घे!"

निमकरांनी दातांत जीभ धरली आणि दांडी डावीकडे नेली. हात जरासुद्धा हलला नाही. घुमणारं ध्रुवतारू बाभळीला डावीकडून वळसा घालून, शहाण्यासारखं, खाली खाली येत गवतात बसलं. एक पंख मोडला.

"बघितलंस? मी वळवलं!"

"बघितलं की."

"वारा होता जरा. सांभाळलं."

"सांभाळलंस की रे."

निमकर पंख उचलायला पळाले. गुडघेदुखी असलेल्या माणसानं जेवढं पळावं, त्याहून जास्त. हमीदच्या मोबाइलवर चकतीचा अहवाल आला.

"काय म्हणतंय?" निमकरांनी गवतातून ओरडून विचारलं.

"अकरा सेकंद!"

"अकरा!"

हमीदनी पुढच्या ओळी वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या आणि मोबाइल खिशात घातला. त्या अकरा सेकंदांत यान कुणाच्याच ताब्यात नव्हतं. रिमोटचं बटण बंद होतं.