चार नंबरची झोळी

उद्या तुम्ही तिघं तपासणीच्या कागदावर पहिल्यांदा सही करणार, म्हणून आज सांगतो. ही गोष्ट ऐकीव नाही. क्लिफर्ड हार्करबरोबर मी बावीस वर्षं काम केलं. तो तपासायचा, मी दुरुस्त करायचो. त्याने हे मला एकदाच सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. मीही वाढवणार नाही.

मंगळवार, चौदा नोव्हेंबर, दोन हजार सतरा. रात्रीचे साडेनऊ. क्लिफर्ड विदरन्सी गावी पोचला. तिथे समुद्राकाठी एक वृद्धाश्रम आहे. नाव सांगत नाही. काम नेहमीचंच, हॉइस्ट तपासायचं. ज्यांच्या पायात बळ राहिलं नाही अशा म्हाताऱ्यांना झोळीत घालून पलंगावरून उचलणारं यंत्र. दिवसा ते मोकळं नसतं. सगळे झोपले की मगच हाती लागतं. कायद्याचं म्हणणं साधं आहे. दर सहा महिन्यांनी बाहेरच्या जाणत्या माणसाने यंत्र पाहायचं आणि झोळ्याही पाहायच्या. हातात घेऊन. टाका न् टाका.

दार डॅनुटाने उघडलं. पोलंडची बाई. अकरा वर्षं तिथे रात्रपाळी करत होती.

"या, या. चहा घ्या आधी. नाहीतर यंत्र राहील बाजूला आणि तुम्हीच बंद पडाल."

"दूध कमी घाल."

"आणि साखर तीन चमचे. माहितीय मला. बायकोला नाही सांगत तुमच्या."

क्लिफर्ड हसला. तेवढंच हसला त्या रात्री.

हॉइस्ट नऊ नंबरच्या खोलीत चार्जिंगला लावलेलं होतं. खोली रिकामी होती. गादी गुंडाळून ठेवलेली. तिथे विल्फ स्प्रॉक्स्टन राहायचा. सगळा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेलेला, वय चौऱ्याऐंशी. ऑगस्टमध्ये त्याला उचलताना चार नंबरच्या झोळीचा एक बंद तुटला आणि विल्फ डोक्यावर पडला. तिसऱ्या दिवशी गेला.

बोल आला तो डॅनुटाबरोबर काम करणाऱ्या नोरीन कॉवूडवर. तिनेच बंद अडकवला होता. मॅनेजर ग्लेंडाबाईंनी लिहून दिलं, झोळी चांगली होती, नोरीनने बंद वाकडा अडकवला म्हणून तुटला. नोरीनला घरी बसवलं. गुरुवारी हल शहरात त्या मृत्यूची चौकशी होती आणि तिथे क्लिफर्डची साक्ष होती. कारण मे महिन्यातल्या तपासणीच्या कागदावर चार नंबरच्या झोळीपुढे 'पाहिली, ठीक' असं लिहिलेलं होतं. खाली सही क्लिफर्डची.

"मी समोर होते हो," डॅनुटा म्हणाली. चहाचा कप तिने खिडकीत ठेवला. "दोघींनी उचलायचं असतं, दोघींनीच उचललं. तिने बंद नीट अडकवला. मी गुडघे धरले होते त्याचे. सांगितलं मी सगळ्यांना. पण कागद म्हणतो झोळी चांगली होती. कागदापुढे आम्हा बायकांना कोण विचारतो?"

क्लिफर्ड बॅटरी पाहत होता.

"नोरीनला दुसरीकडेही कोणी घेणार नाही आता. माणूस मारला म्हणतात तिने." डॅनुटा थांबली. "मिस्टर हार्कर, मे महिन्यात ती झोळी तुम्ही पाहिली होती ना?"

त्याने वर पाहिलं नाही.

"पाहिली होती."

खरं काय ते तो एकटाच जाणत होता. मे महिन्यात चार नंबरची झोळी धुवायला गेली होती. ग्लेंडाबाई म्हणाल्या, "अहो क्लिफर्ड, तेवढ्या एका झोळीसाठी परत कुठे येता? नंबर देते, लिहून टाका. गेल्या खेपेला ठीकच होती की." आणि त्याने लिहून टाकलं. आपल्या धंद्यात हे सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. मान खाली घालू नका. तुमच्याही हातून एक दिवस होऊ पाहील.

वरच्या मजल्यावर कोणाची तरी घंटा वाजली. डॅनुटा गेली.

क्लिफर्डने नवी झोळी हॉइस्टला टांगली. चारही बंद ओढून पाहिले. या यंत्राला वजनकाटा असतो. आकडा शून्य होता. त्याने वर जाण्याचं बटण दाबलं. झोळी उठली. हलकी, रिकामी.

मग ती भरली.

सावकाश. आधी खालून गोल झाली. मग पाठीशी. मांड्यांखालचे दोन्ही बंद ताणले. मोटरचा आवाज जड झाला... माणूस उचलताना होतो तसा.

काट्यावर अठ्ठावन्न पॉइंट सहा.

त्याने बटण सोडलं. झोळी वर जातच राहिली. त्याने खाली येण्याचं बटण दाबलं. वर. लाल बटण दाबलं, सगळं जागच्या जागी थांबवणारं. तरीही वर...

हात दुखेपर्यंत तो ते दाबत होता.

झोळी आता त्याच्या तोंडासमोर होती. किंचित झुलत होती. आत काही नव्हतं. नुसता आकार. बसलेल्या माणसाचा.

खोलीत डिझेलचा आणि खाऱ्या लोकरीचा वास.

मग टाका उसवल्याचा आवाज. एक.

नवी झोळी. आत्ताच पाहिलेली... टाका न् टाका.

दुसरा.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.

तिसरा...

"नाही पाहिली. मी ती नाही पाहिली."

बंद तुटला.

जमिनीवर काहीतरी आदळलं. जड. ओलसर. खिडकीतला कप थरथरला. मग शांतता... आणि त्या शांततेत कुणीतरी एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला नाही.

डॅनुटा धावत आली. "कोण पडलं?"

जमीन रिकामी होती. झोळी रिकामी लोंबत होती. चारही बंद शाबूत.

"कोण पडलं, मिस्टर हार्कर? मी तो आवाज ओळखते. एकदा ऐकलाय मी." मग तिची नजर काट्यावर गेली. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "अठ्ठावन्न पॉइंट सहा. हे विल्फचं वजन. दर सोमवारी मीच लिहायचे."

"मी ती झोळी पाहिली नव्हती," क्लिफर्ड म्हणाला.



"मला सांगून काय उपयोग?" डॅनुटा म्हणाली. "गुरुवारी सांगा."

तो तिथून निघाला तेव्हा अकराला दहा कमी होते. गाडी सुरू केली. घंटी वाजायला लागली. शेजारी बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते ती. शेजारी कोणी नव्हतं. सीटवर पिशवी नाही, कोटही नाही. त्याने दार उघडून पुन्हा लावलं. घंटी वाजत होती. शेवटी त्याने हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा लावला.

घंटी थांबली.

गुरुवारी तो हल शहरी गेला. शेजारच्या सीटचा पट्टा लावूनच. चौकशीच्या साहेबाने विचारलं, झोळी पाहिली होती? क्लिफर्ड म्हणाला, नाही. धुवायला गेली होती, मी खोटं लिहिलं. नोरीन मागच्या बाकावर होती. ती रडली नाही, बाकाची कड घट्ट धरून बसून राहिली. तिच्यावरचा बोल गेला. जानेवारीत तिला दुसऱ्या गावी काम मिळालं. क्लिफर्डचं काम गेलं. खटला झाला, दंड झाला. त्याने तक्रार केली नाही. करायला तोंड नव्हतं.

त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटेल. त्या दिवशी बाहेर येऊन त्याने शेजारचा पट्टा काढला आणि गाडी सुरू केली.

घंटी वाजली.

गॅरेजवाल्याने सीट उघडून पाहिली. तार पाहिली, बसलेल्याचं वजन ओळखणारा आतला काटा पाहिला. सगळं ठीक. म्हणाला, गाडीला वाटतं तिथे कोणी बसलंय. मी काय करू?

दोन वर्षांपूर्वी क्लिफर्ड वारला. त्याच्या बायकोला ती गाडी दारात नको होती. मी घेतली.

मघाशी स्टेशनवरून येताना मी तुम्हा तिघांनाही मागे बसवलं. दाटी झाली, कुरकुर केलीत. पुढची सीट रिकामी आहे की आजोबा, असं तुमच्यातलाच एकजण म्हणाला.

तिचा पट्टा लावलेला होता. ते पाहिलंत का कोणी?