धक्क्यावर बोलका, समुद्रात मुका

"माझ्या दोन पोरांपैकी एक फितूर आहे," मावशी म्हणाल्या, "आणि कोणता, ते मला शनिवारच्या आत सांगा."

एवढं बोलून त्या चष्मा काढायला लागल्या. ते काम सोपं नव्हतं. पिशवीला प्लॅस्टिकचं आवरण. आत चष्म्याच्या डबीला रेक्झिनची खोळ. खोळीला असं घट्ट इलॅस्टिक की मावशींची बोटं लाल झाली. चष्मा नाकावर चढेपर्यंत भावजींचा चहा संपला होता.

वहिनी मात्र शांत बसून बघत होत्या. दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावणाऱ्या या बाईंना सगळी वस्ती वहिनीच म्हणायची. खरा दीर मात्र एकच, हे भावजी. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. वहिनींचा तपास सुरू झाला की हे वही उघडून टिपणं घेत. म्हणजे चित्रं काढत.

"शनिवारी काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"नाव विकायचीय." मावशींचा आवाज एकदम बसला. "आमच्या यांनी जायच्या आधी दोघांना मासळीची एक जागा दाखवली होती. मोठ्या खडकामागं. नेमकी कुठं, ते मलाही ठाऊक नाही. आणि गेले तीन आठवडे आमची नाव तिथं पोचते न पोचते, तोच त्या बोक्याची, शेजारच्या नाववाल्याची, नाव हजर! थोरला म्हणतो धाकटा फुटला. धाकटा म्हणतो थोरला फुटला. घरात अबोला, नावेत भांडण. नाव गेली की दोघं दोन दिशांना जातील. मग मी कुणाच्या दारात बसू?"

"तीन आठवड्यांपूर्वी आणखी काही घडलं होतं?"

"काही नाही हो. बंदर कचेरीच्या नियमामुळं रेडिओ बसवला, तेवढंच. तोही मेला मुका निघाला."

भावजींनी वहीत दोन भाऊ काढले. एकाला शेपूट लावायचं होतं, पण कोणाला लावायचं ते ठरेना.

*

नाव धक्क्याला बांधलेली होती आणि टपावर रेडिओवाला बसलेला होता. तोंड असं, की दातदुखी बरी.

"पाचव्यांदा बोलावलंय!" वहिनी दिसताच तो सुरू झाला. "हा ॲन्टेना बघा. नावेतली सगळ्यात उंच जागा शोधून बसवलाय. ही केबल बघा, अखंड, मध्ये एक जोड नाही. टोकाच्या कनेक्टरला मी स्वतः कथलाचा डाग दिलाय, वरून रबरी टेप गुंडाळलीय. बॅटरीवरून वेगळी लाइन, वेगळा फ्यूज. इथून शिंकलात तर वीस मैलांवरचा माणूस रुमाल काढेल! आणि हे दोघं म्हणतात मुका!"

"मुका म्हणजे?" भावजींनी विचारलं.

"समुद्रात गेलं की म्हणे कुणाचाच आवाज येत नाही. बॅटरीही दोन दिवसांत बसते. इथं माझ्यासमोर मात्र खणखणीत. आता मी काय समुद्राला फ्यूज बसवू?"

"जरा लावून दाखवता?" वहिनी म्हणाल्या.

रेडिओ सुकाणूच्या चाकाशेजारी होता. त्याच्यावर निळी रेक्झिनची खोळ होती आणि हुकाला टांगलेल्या माइकवर त्याच कापडाचं टोपडं.

"आधी ही अंगडी-टोपडी उतरवू द्या," रेडिओवाला पुटपुटला. माइकचं टोपडं एका हाताने निघेना. त्याने माइक गुडघ्यात धरला आणि दोन्ही हातांनी ओढलं. टोपडं उडून थेट भावजींच्या चहात पडलं.

"अहो!" भावजी ओरडले.

"तुमचा चहा इथंही आला का?" वहिनी म्हणाल्या.

रेडिओवाल्याने बटण फिरवलं. लगेच बंदर कचेरीतल्या कारकुनाचा आवाज आला, वाऱ्याचा अंदाज सांगणारा. स्वच्छ.

"याच्यावर बोलायचं कसं?" भावजींनी विचारलं.

"माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. टेलिफोन नव्हे हा, मास्तर."

भावजींनी लिहिलं: मुका नाही. खाली माइकचं चित्र काढलं, टोपडं घातलेल्या तान्ह्या बाळासारखं. गालावर तीटही लावली.

*

बोका धक्क्यावरच भेटला. जाड मिशा, अंग सुखावलेलं.

"मला कोण कशाला काय सांगेल, वहिनी? समुद्र सगळ्यांचा आहे," तो म्हणाला. तेवढ्यात मागून थोरला आला. बोक्याला राहवलं नाही. "काय थोरले, काल पुन्हा भोपळाच होता ना डब्यात?"

थोरल्याचा चेहरा तांबडालाल. "बघितलंत? हेसुद्धा धाकट्यानं सांगितलं असणार!"

"डब्यात भोपळा आहे, हे तुम्हाला कधी कळलं?" वहिनींनी विचारलं.

"दहा मैल आत, डबा उघडल्यावर! मी केवढा वैतागलो. आई रोज तेच देते."

"आणि परत आल्यावर धाकटे बोक्याला भेटले?"

थोरला थबकला. "नाही. सरळ घरीच गेला. पाय मुरगळला होता त्याचा, मीच पोचवला." मग पुन्हा उसळून, "पण सांगितलं असणार! दुसरं कोण सांगणार?"

भावजींनी बोक्याचं चित्र काढलं. हुबेहूब आलं, म्हणून ते खूश झाले.

बंदर कचेरीत कारकून डोकं धरून बसला होता. "मी इथं नवा आहे. अजून कुणाचा आवाज ओळखत नाही. पण कुणीतरी गाढव रोज सकाळी चॅनेल अडवून बसतो. इंजिनाची धडधड, आरडाओरडा, मध्येच भसाडं गाणं. उद्या कुणाची नाव बुडत असली तर ती हाक मारणार कशी? मी घसा फोडून सांगतो, पण समोरचा ऐकेल तर शपथ!"

"बिचारा," बाहेर आल्यावर भावजी म्हणाले. "पण याचा आपल्या फितुराशी काय संबंध?"

वहिनींनी आकाशाकडे बघितलं. देवाने एकच दीर दिला होता. तो असा.

*

मावशींच्या घरात उघडी अशी वस्तूच नव्हती. मिक्सरला खोळ, घड्याळाला खोळ, पंख्याच्या पात्यांना मोजे. धाकटा सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. स्टुलालाही खोळ होती.

"जागा सापडते कशी?" वहिनींनी विचारलं.

"बाबांची रीत आहे. एकानं नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला, उभं राहायचं, एकानं चाकावर. खुणा मोठ्यानं ओरडायच्या. अमका मनोरा डावीकडं, तमकी दोन झाडं एका रेषेत, मग इंजिन बंद. दादा अजून तसंच ओरडतो. माझ्याशी भांडणाशिवाय बोलत नाही, पण खुणा ओरडतो."

"आणि रेडिओ?"

"निघताना चालू करायचा, वर खोळी चढवायच्या. खारं पाणी लागू नये म्हणून आईनं शपथ घातलीय. समुद्रात काढायच्या नाहीत. आम्हाला तरी कुणाला हाक मारायचीय? नुसता ऐकायला ठेवायचा, तर तो..."

पुढचं ऐकू आलं नाही. टीव्ही एकाएकी मोठ्याने बोलायला लागला. मग आणखी मोठ्याने.

"ह्याचं डोकं फिरलंय!" मावशी आतून ओरडल्या. "कुणी हात न लावता आपलाआपण किंचाळतो!"

वहिनींनी टेबलावरचा रिमोट उचलला. घट्ट शिवलेल्या पारदर्शक खोळीत तो श्वास कोंडल्यासारखा दिसत होता. त्यांनी खोळ ओढून काढली. टीव्हीचा आवाज चढायचा थांबला.

"चला भावजी," वहिनी म्हणाल्या. "झालं काम."

"कोणाचं?"

*

शनिवारी सकाळी गिऱ्हाईक धक्क्यावर उभं होतं. नावेत मावशी, दोघं भाऊ, रेडिओवाला. शेजारच्या नावेत बोका, मजा बघायला.

"थोरले, रोज निघताना करता ते करा," वहिनी म्हणाल्या.

थोरल्याने रेडिओ लावला. त्याला खोळ घातली. माइकला दोन्ही हातांनी टोपडं चढवलं.

"आता भांडा."

"काय?"

"रोज भांडता ना? भांडा!"

"हा फुटला नसता तर..." थोरला सुरू झाला, आणि गप्प झाला. कारण बोक्याच्या केबिनमधून त्याचाच आवाज आला होता: फुटला नसता तर... बोका आवाज कमी करायला आत धावला, पण उशीर झाला होता.

"तुमच्यात फितूर कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. "टोपड्याचं इलॅस्टिक एवढं घट्ट आहे की ते माइकचं बटण दाबून धरतं. बटण दाबलेलं, म्हणजे तुमचं सगळं बाहेर जातं आणि बाहेरचं काही आत येत नाही. म्हणून रेडिओ समुद्रात मुका. सतत बोलत राहिल्यामुळं बॅटरीही बसते. बोलतोय हे दाखवणारा दिवा वरच्या खोळीखाली झाकलेला. धक्क्यावर हे रेडिओवाले आधी टोपडं काढतात, म्हणून इथं तो बोलका."

"म्हणजे माझं काम चोख होतं!" रेडिओवाला ओरडला.

"फारच चोख. वीस मैलांवर खुणा ऐकू गेल्या, आणि भोपळाही. भोपळ्याची बातमी समुद्रात जन्मली होती आणि धाकटे तर लंगडत घरी गेले होते. मग ती बोक्याला कुणी दिली? हवेनं. घरात रिमोटची घट्ट खोळ बटण दाबून टीव्हीचा आवाज चढवत होती, तिनं मला उरलेलं सांगितलं. ज्यांना आवाज ओळखता येत होते ते गप्प बसले, फुकटची करमणूक आणि वर मासळी! कारकून तीन आठवडे ओरडतोय, पण त्याची हाक ऐकू न येणारी नाव एकच होती. ही."

भावजींनी वही चाळली. टोपडं घातलेलं बाळ त्यांच्याकडे बघून हसत होतं. "अरेच्चा! हे तर मी पहिल्याच दिवशी काढलं होतं!"

"हो. तीटही लावलीत."

मावशी मटकन खाली बसल्या. "म्हणजे फितूर मीच. माझ्याच हातानं माझं घर..."

"आई, गप," धाकटा म्हणाला. मग थोरल्याकडे न बघता, "दादा, मी तुला नावेत काय काय बोललो ते..."

"ते सगळ्या बंदरानं ऐकलंय. आता मला परत ऐकवू नकोस." थोरल्याने त्याच्या दुखऱ्या पायाखाली जाळ्याची गुंडाळी सरकवली. "मी तरी काय कमी बोललो?"

"खडकामागची जागा तर गेली."

"दुसरी शोधू. तू नाळेवर, मी चाकावर." तो धक्क्याकडे वळून गरजला, "ओ साहेब, जा तुम्ही! नाव विकायची नाही!"

मावशी रडायला लागल्या. धाकट्याने त्यांना जवळ घेतलं. वहिनींनी तेवढ्यात माइक गुडघ्यात धरून टोपडं ओढून काढलं, आणि तीन आठवडे मुका असलेला रेडिओ कारकुनाच्या आवाजात कडाडला:

"...विकायची नाही, समजलं! सगळ्या बंदराला समजलं! आता तरी ते बटण सोडा हो!"