शेवग्याखालचा कोपरा

विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून ठरवा. पण हे कुणाच्या कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, दैवशालाच्या परसात घडलंय. वाटूरला. दोन दिवाळ्यांपूर्वी, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळपासून.

दैवशाला एम.एस्सी. झालेली. भुताखेतांना हसणारी. पण रेवा झाली आणि ती धास्तावली. पोरीला जन्मतःच कावीळ. डॉक्टर म्हणाले, सकाळचं कोवळं ऊन दाखवत जा. ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

परसात खतं, फवारणीचा पंप, कुदळी-फावडी ठेवायला ब्लॉकची छोटी खोली बांधायची ठरली. सासू सोनूबाई लेकीकडे राजूरला निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या,

"काय बांधायचं ते बांधा. पण शेवग्याखाली खांदू नका."

का, ते फक्त दैवशालाला माहीत होतं. तिच्या नवऱ्याला, भागवतलासुद्धा नाही.

बाळंतपणात तिची छाती दुधानं दाटून यायची, तेव्हा सोनूबाईच तिला शेवग्याखाली न्यायच्या. तिथं जात्याची फुटकी तळी पडलेली.

"अंगावरचं दूध पायदळी सांडू नाही, माय. हितं सोड."

एकदा बोलून गेल्या. भागवतच्या आधी एक लेक झाली होती. "मला पान्हाच फुटला न्हाई. बारशाआधीच गेली. हितं हाय ती."

अलीमभाई गवंडी आले. चुन्याची फक्की मारली, दोरी ताणली.

"एवढीशी खोली अन् एवढा पाया? वर हॉटेल टाकून राह्यले का भाभी?"

दैवशाला हसली. मग तिनं पाहिलं... खोली उभी राहिली की पाळण्याजवळच्या खिडकीतलं ऊन अडणार.

"थोडं तिकडं सरकवता येईल?"

"शेवग्याकडं? बिलकुल. पर भागवतभौ तर न्हाई म्हनले व्हते..."

"सरकवा. मी सांगते त्यांना."

तळी उचलली. खाली काहीच निघालं नाही. हाड नाही, चिंधी नाही. नुसती भुसभुशीत माती.

तिला हायसं वाटलं.

त्या हायसं वाटण्याचीच तिला अजून लाज वाटते.

काँक्रीट पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पायावर पाणी मारत होती. शेजारी तुळशीची मंगलाष्टकं चाललेली. तेवढ्यात...

रडणं.

बारीक. थकलेलं. भुकेल्या लेकराचं.

पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला. ती धावत आत गेली.

रेवा गाढ झोपली होती.

जाग आल्यावर तिला छातीशी घेतलं... दूधच येईना.

तेव्हापासून तसंच. घरात कोरडी. परसात पाऊल टाकलं की धार. रेवा रडून रडून लाल व्हायची. डब्याचं दूध ओकायची. वजन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

पायावर पाणी मारायचे दिवस संपले. पाया वाळून पांढरा पडला.

शेवग्याकडचा कोपरा सोडून.

तिनं हात लावला. ओला... आणि कोमट.

मग सोनूबाई परतल्या. पिशवी हातात तशीच, थेट परसात. भिंतीला टेकवलेली तळी पाहिली.

"कुणी सरकवला पाया?"

दैवशालाच्या तोंडून निघून गेलं, "अलीमभाईंनी, आत्याबाई."

"भाभी! तुमीच तर..." ब्लॉक रचत असलेले अलीमभाई वळले. ती खाली बघत राहिली.

"झूट बोलायला लेकराची आई झाल्या का?" त्यांनी थापी, ओळंबा पिशवीत टाकला आणि गेले. परत आले नाहीत.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती एकटीच कोपऱ्याशी जाऊन बसली. रडणं चालूच होतं. तिनं पदराआड धार सोडली. काँक्रीटवर.

दूध ओघळलं नाही. मातीत मुरावं तसं मुरलं.

रडणं थांबलं.

आत आली, रेवाला घेतलं. रेवा पोटभर प्याली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती जाते. सोनूबाई काही विचारत नाहीत. फक्त त्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतात. खोली पुढे बांधलीच नाही. ब्लॉक तसेच रचून पडलेत. पाया कुणी सरकवला, ते तिनं अजून घरात सांगितलेलं नाही. बाजारात अलीमभाई दिसले की रस्ता बदलते.

मीही लेकुरवाळी. परवा फोनवर तिला समजावत होते. म्हटलं, रेवा पावणेदोन वर्षांची झाली, आता दूध तोड. म्हणजे तुझी त्या कोपऱ्यातूनही सुटका होईल.

मागून रेवाचं हसणं ऐकू येत होतं.

मग हळूच म्हणाली,

"रेवाचं तर उन्हाळ्यातच तोडलं गं..."

आणि घाईनं फोन ठेवला. दिवेलागण झाली होती.