डाव्या दाराचं स्टूल

आपल्या वडीलधाऱ्या माणसांना आयुष्यात एकदा तरी, स्वतंत्र गाडी करून, निवांतपणे इतिहास दाखवावा, हे प्रत्येक कृतज्ञ माणसाचं कर्तव्य आहे असं मी मानतो. विशेषतः त्यांना वृद्धाश्रमात सोडायला जाताना.

सहल पाच दिवसांची होती. चार मुक्काम, खासगी गाडी, अनुभवी चालक, वाटेत जुना पूल, तटबंदीचं गाव, मनोरा आणि माहितीपत्रकाच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्यांचं पारणं फेडणारा निसर्ग. पाचव्या दिवशी दुपारी गाडी एका तळ्याकाठच्या आश्रमाशी थांबणार, अक्का तिथे उतरणार आणि मी तसाच पुढे घरी, ही व्यवस्था कंपनीने एका फोनवर मान्य केली. फोनवरची मुलगी म्हणाली, "असं बरेच जण करतात, सर." मला बरं वाटलं. आपला नीचपणा चारचौघांसारखाच आहे हे कळलं की जीव हलका होतो.

अक्का माझी थोरली बहीण. ती चौऱ्याहत्तर, मी एकसष्ट. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे शर्टाची बटणं लावण्यापासून नोकरीला लावण्यापर्यंत माझं सगळं तिनेच केलं. त्या नादात लग्न करायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच होती. वर्षभरात दोनदा बाथरूममध्ये पडली, एकदा गॅस चालू ठेवून झोपली. त्यात आमची मुलगी बाळाला घेऊन राहायला येणार होती, आणि घरात खोल्या तीनच. निर्णय कधीच झाला होता. फक्त अक्काला सांगायचं राहिलं होतं.

"चौथ्या संध्याकाळपर्यंत सांग," बायको म्हणाली. "एकदम दारात नेऊन उभं करू नकोस त्यांना."

"सांगतो गं."

"नाही सांगणार तू. तुझी जीभ घराबाहेर पडली की संपावर जाते."

कंपनीच्या अर्जात एक रकाना होता : कोणाला विशेष मदत लागते का? मी लिहिलं : उजवा गुडघा अधू. काठी लागते. ऐकू कमी येतं, मोठ्याने आणि सावकाश बोलावं. चहा बिनसाखरेचा. एकटं सोडू नये. अक्षर सुरेख आलं. गेल्या दहा वर्षांत अक्कासाठी मी इतकं मन लावून काही केलं नव्हतं. त्याच अर्जाची एक प्रत आश्रमालाही पाठवली. दोनदा कोण लिहीत बसणार?

ड्रायव्हर मध्यम वयाचा, इस्त्रीच्या शर्टातला, मोजकं बोलणारा होता. त्याची एक पद्धत होती. गाडी थांबली की तो आधी उतरायचा, मागून एक बुटकं लाकडी स्टूल काढायचा आणि ते डाव्या दाराखाली ठेवायचा. पायांना रबर, वर सतरंजीचा तुकडा ठोकलेला. ठेवल्यावर तळव्याने दाबून बघायचा, डुगडुगत नाही ना. मग दार उघडून म्हणायचा, "सावकाश, आजी." मागच्या सीटवर डावीकडे अक्का, उजवीकडे मी. माझं दार मी स्वतः उघडत असे. पहिल्या दिवशी मला त्याचा किंचित रागही आला होता.

पहिला थांबा पुलाचा. अक्का चाळीस पावलं चालली आणि कठड्यावर बसली.

"सात कमानी आहेत," ती म्हणाली. पुलाकडे तिची पाठ होती.

मी मोजल्या. सात होत्या.

"हा मी काढलाय, छोट्या."

अक्का सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायची. बत्तीस वर्षं टेबलावर वाकून, मोजणीवाल्यांच्या वह्या बघून, शाईने डोंगर, नद्या, रस्ते. काढलेल्यातलं एकही ठिकाण तिने पाहिलं नव्हतं. एवढा मोठा देश हातून गेला, पण बघायला रजा मिळाली नाही, असं ती म्हणायची, आणि आम्ही हसायचो. छोट्या म्हणजे मी. एकसष्टाव्या वर्षीही.

दुसऱ्या दिवशी डोंगराळ भाग लागला. गाडीत आमच्यासाठी छापलेला मार्गाचा नकाशा होता. अक्का तो मांडीवर घेऊन भिंगातून बघत होती.

"आता डावीकडे मोठं वळण," ती म्हणाली.

"नाही आजी," ड्रायव्हर म्हणाला. "इथे चार किलोमीटर सरळच आहे."

अक्काने बाहेर पाहिलं. रस्ता पट्टीने आखल्यासारखा पुढे गेला होता.

"हो की," ती हळूच म्हणाली. "मीच सरळ काढलं होतं. त्या दिवशी तुझा निकाल होता रे, मॅट्रिकचा. मला लवकर निघायचं होतं. वळण काढायला अर्धा तास लागला असता. पट्टी लावली आणि ओढली रेघ. म्हटलं, कोण बघायला जातंय."

मी हसलो. ड्रायव्हर हसला नाही.

पुढे एका चहाच्या टपरीशी थांबलो. समोर शेत होतं. शेताच्या मधोमध एक दगडी निवारा उभा होता, बसची वाट बघायला असतो तसा. छप्पर, आत बाक, भिंतीवर पुसट झालेलं वेळापत्रक. त्याच्या समोर रस्ता नव्हता. चारी बाजूंनी कापणीला आलेलं पीक होतं.

"हे इथे कशाला?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"जुनं आहे." त्याने कपातला चहा हलवला. "म्हातारे सांगतात, रस्ता तिथून जायचा. डोंगराला वळसा घालून. एका दिवशी सकाळी उठले, तर..." तो थांबला. "लोकांना काय, काहीही बोलतात."

"कधीची गोष्ट?"

त्याने साल सांगितलं. मी मॅट्रिक झालो ते साल.

योगायोग असतात. मी योगायोगांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, कारण त्याने कुठलंच काम वाढत नाही. शिवाय मला थकवा आला होता. दोन दिवस नुसतं बसून माणूस इतका कसा थकतो, कळेना. संध्याकाळी मुक्कामाच्या घराचा जिना चढताना माझा उजवा गुडघा कुरकुरला. अक्का माझ्या पुढे होती. वरून म्हणाली, "ये सावकाश. घाई नाही."

तिसऱ्या दिवशी तटबंदीचं गाव आलं. गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, मागे गेला, स्टूल काढलं. अक्काच्या दारावरून पुढे आला आणि ते माझ्या दाराखाली ठेवलं. तळव्याने दाबून बघितलं.

"सावकाश, काका."

"अहो, त्या बाजूला," मी म्हणालो.

"हो हो," तो म्हणाला, आणि माझ्या कोपराला धरलं.

मी स्टुलावर पाय ठेवला. वाद नको म्हणून. खरं सांगायचं तर जमीन जरा लांब दिसत होती. अक्का आपलं दार उघडून उतरली होती आणि कमानीवरची अक्षरं वाचत होती. भिंग न लावता.

दुपारी खानावळीत वाढणारीने दोन चहा आणले. साखरेचा अक्कापुढे ठेवला, बिनसाखरेचा माझ्यापुढे. मग वाकून, मोठ्याने, सावकाश म्हणाली, "गरम... आहे... हं."

"मला ऐकू येतं," मी म्हणालो. हे मी वाटलं त्यापेक्षा बरंच मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळी खानावळ वळून बघायला लागली.

अक्काने साखर ढवळली. चार वर्षांनी ती साखरेचा चहा पीत होती. तिला अडवायला लागतं ते बळ माझ्याकडे नव्हतं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "सांगितलंस?"

"आज नको. फार दमलोय."

"आवाज कसा येतोय तुझा? बरा आहेस ना? अक्कांना दे जरा."

अक्का खिडकीशी टेबलावर वाकून बसली होती. हातात पेन्सिल, शेजारी खोडरबराचा बारीक भुगा. समोर तो मार्गाचा नकाशा.

"काय करतेस?"

"दुरुस्ती," ती म्हणाली आणि फोनसाठी हात पुढे केला.

चौथ्या दिवशी सकाळी मनोरा. दोनशे बारा पायऱ्या. वर एकांत असेल, वारा असेल, तिथे सांगून टाकावं असं मी ठरवलं होतं. सतराव्या पायरीला ठरलेलं मोडलं. मी खाली तिकीट खिडकीशेजारच्या बाकावर येऊन बसलो आणि श्वास परत येण्याची वाट बघू लागलो. ड्रायव्हर माझ्याजवळच उभा राहिला. मला एकटं सोडायचं नाही, असं त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

थोड्या वेळाने वरून हाक आली. "छोट्या!"

अक्का कठड्यावरून हात हलवत होती. दोन्ही हात. काठी तिच्याकडे नव्हती.

काठी माझ्या हातात होती. कधीपासून होती, कोण जाणे. मुठीला माझा तळवा व्यवस्थित बसत होता.

ती उतरून आली. धाप नव्हती. गालांवर वाऱ्याची लाली होती. माझ्या शेजारी बसली आणि तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"अक्का," मी म्हणालो, "उद्या आपण जिथे जाणार आहोत ना..."

"तळ्यावर."

"तुला कसं कळलं?"

"अरे, जिने बत्तीस वर्षं नकाशे काढले तिच्या मांडीवर नकाशा देतोस आणि शेवटचा ठिपका लपवतोस?" ती हसली. "पहिल्याच दिवशी बघितला. वाट बघत होते, तू कधी सांगतोस."

"आजच सांगणार होतो."

"हो ना. तू नेहमी आजच सांगणार असतोस."

"रागावलीस?"

"छे. जागा चांगली आहे. पश्चिमेला उतार आहे, वारा येतो. मीच काढलीय ती." तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. "खोली धरून ठेवलीय त्यांनी, छोट्या. कोणीतरी राहायलाच हवं ना."

मला विचारायचं होतं, कोणीतरी म्हणजे कोण. पण मला वाटलं, उद्या विचारू.

पाचव्या दिवशी अक्का पुढे बसली, ड्रायव्हरच्या शेजारी. मागच्या सीटवर मी एकटा, डाव्या बाजूला. ड्रायव्हर तिला आता आजी म्हणत नव्हता. ताई म्हणत होता. दोघं रस्त्याबद्दल बोलत होते. मला अर्धंच ऐकू येत होतं.

तळं दिसलं. पश्चिमेला उतार होता.

गाडी थांबली. स्टूल ठेवल्याचा आवाज आला.

"सावकाश, आजोबा."

पायऱ्यांवर पांढऱ्या कोटातली मेट्रन उभी होती. हातात माझा अर्ज.

"उजवा गुडघा," तिने वाचलं. "काठी. आहे. ऐकू कमी येतं. बरं." तिने आवाज चढवला. "चहा... बिनसाखरेचा... ना?"

"यात चूक झाली आहे," मी म्हणालो. "हे हिचं आहे. मी एकसष्ट वर्षांचा आहे."

"हो हो, आजोबा," ती म्हणाली.

मी अर्ज ओढून घेतला. अक्षर माझं होतं. वय चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. नाव माझं होतं. कुठेही खाडाखोड नव्हती.

"अक्का, सांग ना यांना."

अक्का फोनवर होती. माझ्याच फोनवर.

"हो, पोचलो आत्ताच," ती म्हणत होती. "नाही गं, रडला नाही. शहाण्यासारखा उतरला. ... मी येते ना संध्याकाळपर्यंत. बाळाचं सगळं मी बघेन, तू काळजी करू नकोस."

तिने फोन पर्समध्ये टाकला. मी पायरीवर टेकलो होतो; ती खाली वाकली. वाकताना तिच्या गुडघ्यातून आवाज आला नाही. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"तेव्हा तुझ्यासाठी रस्ता सरळ केला होता," ती म्हणाली. "कधीतरी वळण घ्यावंच लागतं रे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

गाडी वळली. मी काठी उचलली, हाकही मारली असणार. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि तळवा किंचित वर केला, ओळखीच्या माणसाचा निरोप घ्यावा तसा.

मेट्रनने मला खोलीत नेलं. खाट, टेबल, खिडकी. खिडकीतून तळं. खाटेखाली एक चपलांचा जोड होता. मी पाय घातले. बरोबर बसले. उजवी टाच जास्त झिजलेली होती, आणि आत अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता, वर्षानुवर्षं एकाच पायाने पडतो तसा.

"आधी कोण राहायचं इथे?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा प्रश्न तिला नवीन नसावा.

इथे जेवण साडेसहाला असतं. सातला स्वयंपाकघर बंद होतं.