दिवसाची मशाल

सह्याद्रीच्या रांगेत एकट्याने उभ्या असलेल्या धवळगडावर पहाट झाली, नौबत झडली, बुरुजांना वेढून बसलेले धुके दरीत उतरले, आणि गडाखालच्या मेटावर, म्हणजे रामोशी पहारेकऱ्यांच्या वस्तीवर, गोजरा मशालीच्या चिंध्यांना तेल पाजीत बसली. तिचा नवरा हैबती नाईक त्या सायंकाळी कड्यावरून लोटला जाणार होता.

आळ असा, की त्याने तटातले छोटे गुप्त दार, चोरदिंडी, उघडून रात्री गनीम आत घेतला. आळ घेणारे गडाचे हवालदार सुभानराव. सदरेचा रिवाज असा, की आरोपीने गप्प राहावे आणि त्याच्या वतीने वकिलाने बोलावे. अख्ख्या गडावर वकील एकच, आबाजीपंत, आणि तो हवालदाराच्या पंगतीला जेवणारा. त्याने हैबतीच्या वतीने गुन्हा बिनदिक्कत कबूल केला आणि वर दयेची याचना केली. कुंपणानेच शेत खाल्ले, आणि सदरेतल्या एकाही पागोटेवाल्याला त्याची लाज वाटली नाही.

पण गडाचा एक जुना शिरस्ता अजून कुणी मोडला नव्हता. अन्याय झालेला माणूस भरदिवसा पेटती मशाल घेऊन सदरेवर आला, तर ती विझेपर्यंत त्याला कुणी हटवायचे नाही.

गोजरा गड चढली. दरवाज्यावर भाले आडवे आले आणि मशाल पाहून मुकाट्याने बाजूला झाले. किल्लेदार मानाजीराव ढमाले गादीवर होते. ती तोंड उघडणार, तोच आबाजीपंत उठला. या अडाणी बाईची बाजू आपणच मांडतो म्हणाला, आणि गणेशवंदनेपासून किल्लेदारांच्या वाडवडिलांच्या पराक्रमापर्यंत त्याने असे काही पाल्हाळ लावले, की तेल संपत आले. तेव्हा गोजराला उमगले. हा मेला बोलत नव्हता, मशाल विझायची वाट पाहत होता. ज्योत मिणमिणू लागताच तिने आपला पदर टरकावला आणि उघड्या हाताने पेटत्या टोकाला गुंडाळला. कातडे करपल्याचा वास सदरभर पसरला, तशी पंतांची वाणी थांबली.

"धनी, दिवस बुडाला की आमाला दाराच्या आत पाऊल ठिवू देत न्हाईत," गोजरा म्हणाली. "अडसर आतनं. कुलूप आतनं. किल्ली हवालदाराच्या उशाखाली. मग माज्या नवऱ्यानं भाईरनं दिंडी उघाडली कशी, येवढं कुनीतरी सांगा."

किल्लेदारांनी त्या हातावरून नजर हवालदाराकडे वळवली. "सुभानराव, त्या रात्री किल्ली कोठे होती?"

सुभानरावांनी वकिलाकडे पाहिले.

"आम्ही तुम्हांस विचारतो आहोत. वकिलास नव्हे."

किल्ली आपल्याच उशाखाली होती, हे सुभानरावांना कबूल करावे लागले. दुपारपर्यंत त्यांची तलवार उतरली, बेड्या पडल्या, आणि हैबती सुटला. आबाजीपंताचा मात्र केसही वाकडा झाला नाही. एका रामोशिणीपुढे आपल्या सदरेची अब्रू गेली, हे किल्लेदारांनाही मनातून डाचत होतेच. पंताने तेवढेच हेरले. थोड्याच दिवसांत गडावर दवंडी पिटली गेली, की यापुढे दिवसाची मशाल वकिलामार्फतच सदरेवर आणावी.

मेटावर गोजराने ती ऐकली. तिचा उजवा हात आता मिटत नव्हता. तिने हैबतीला काठी धरायला सांगितली, आणि डाव्या हाताने ती काठीच्या टोकावर नव्या चिंध्या आवळू लागली.