सारवलेली जागा

नागऱ्याच्या पलीकडच्या एका गावात नुकताच मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता, तेव्हाची ही गोष्ट. सुशिलाबाई सकाळी शेणाची पाटी घेऊन घराला वळसा घालून आल्या आणि थबकल्या. घराशेजारची मोकळी जागा कोणीतरी आधीच सारवून ठेवली होती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या जागेला ना सातबारा होता, ना ग्रामपंचायतीत कोणाच्या नावाची नोंद. शेजारच्या भोजराजला तिथे ट्रॅक्टर उभा करायचा होता, म्हणून त्याने हक्क सांगितला. आणि सुशिलाबाई इतकी वर्षं धान वाळवायच्या ते कुठे? पंचांसमोर त्यांनी पदर खोचून सुनावलं होतं, "कागद नाही म्हनता ना? मंग सारवते कोन, ते पाहा! जिचा हात फिरते, तिची जागा." पंचांनाही ते पटलं. उद्या सकाळी ग्रामसेवक येऊन पाहणार होते.

आणि नेमका आज हा उद्योग!

"भोजराज! बायकोले चोरून सारवाले पाठवतेस? लाज नाही वाटत?"

भोजराज दात घासतच बाहेर आला. "भाभी, सकाळी सकाळी काऊन बोंबलून राहिल्या? राजकुमारी दरेकशाले गेली माहेरी. मले काय सारवता येते?"

तो तावातावाने जवळ आला आणि खाली वाकला. "भाभी... हे पाहा बरं."

सारवणात बोटांच्या रेषा उमटतात. प्रत्येक बाईचा हात वेगळा, पण रेषा चार. इथे तीनच होत्या आणि मध्ये एक कोरी फट.

तसा हात गावात एकाच बाईचा होता. फुलवंताबाईचं मधलं बोट धान कापताना विळ्याने गेलं होतं. कित्येक वर्षांपूर्वी याच जागेवर तिची झोपडी होती. सुशिलाबाईंनी स्वयंपाकघर वाढवायला काढलं, तेव्हा तिची भिंत आड आली. पाडली. पाडली म्हणजे काय, पडायलाच आली होती! वर म्हातारीला पेज दिली, लुगडं दिलं. कोण देतं एवढं? पुढे ती देवळाच्या पायरीवर थंडीत मेली, त्याला सुशिलाबाईंनी काय करावं?

"मले नाही पाह्यजे ही जागा," भोजराज हळूच म्हणाला आणि मागे न बघता घरात गेला. त्याने कडी लावल्याचा आवाज आला.

सुशिलाबाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्यांची नजर सारवणावरून हलेना. सारवणारी बाई मागे मागे सरकत जाते, ओल्यावर पाय पडू नये म्हणून. हे सारवण रस्त्याकडून सुरू झालं होतं आणि त्यांच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन संपलं होतं. त्या भिंतीला दार नव्हतं. ओल्या जमिनीवर परतीचं एकही पाऊल नव्हतं.

अंगावर काटा आला, त्याचाही त्यांना राग आला. मेलेल्या बाईने जिवंत माणसाच्या हक्कात लुडबुड करावी म्हणजे हद्द झाली!

"मरून गेली ना तू?" त्या जमिनीकडे बघून ओरडल्या. "मंग? आता माही हाये जागा!"

शेणाची पाटी त्यांनी तिथेच उपडी केली आणि त्या तीन रेषांवरून आपला हात फिरवला. सगळी जागा पुन्हा सारवली. जमीन मात्र दिवसभर वाळली नाही. ऊन लख्ख होतं, तरी वाळली नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या चहाला आल्या, तर सून टीना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती.

"आई, तुमी कायले सारवलं? मी सारवनारच होती ना."

"मी कोठं सारवलं?"

दोघी आत बघत राहिल्या. ओल्या शेणाचा दर्प नाकात शिरत होता. सारवण उंबऱ्यापासून सुरू झालं होतं. तीन रेषा, मध्ये फट... तीन रेषा, मध्ये फट... चुलीला वळसा घालून ते पार कोपऱ्यातल्या धानाच्या कोठीपर्यंत गेलं होतं. त्यावर एकही पाऊल उमटलं नव्हतं.

टीनाने सासूचा हात घट्ट धरला. "मंग आई... सारवनारी बाहेर निघाली कोठून?"

तेवढ्यात अंगणातून ग्रामसेवकांची हाक आली. "सुशिलाबाई! जागा कोन सारवते, दाखवा बरं!"

आयुष्यात पहिल्यांदाच सुशिलाबाई हक्क सांगायला बाहेर धावल्या नाहीत. त्या कोठीकडे बघत होत्या. बसलेली बाई उठताना आधाराला हात टेकते ना, तेवढ्या उंचीवर कोठीच्या मातीला एका हाताचा ठसा होता. मधलं बोट नसलेला. त्यातून शेणाचं पाणी अजून ओघळत होतं.