बार्बराबाईची फांदी

डिसेंबरच्या चार तारखेला, उजाडायच्या जरा आधी, अनिकेत साळवे दात घासत अंगणात आला तेव्हा त्याच्या शेवग्यापाशी भिंतीवर एक मुलगी उभी होती.

झाड तसं भाड्याचंच. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या त्या घरात साळवे बापलेक राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. घरमालकाने मीटर दाखवला होता, गळका नळ दाखवला होता, मुलीबद्दल मात्र काही बोलला नव्हता. तापीवरून आलेलं धुकं गल्लीत कंबरेइतकं साचलं होतं, आणि त्या धुक्याच्या वर ती... अंगात कुणाचा तरी ढगळ स्वेटर, हातात कोयता, नजर फांद्यांवर. एखाद्या दुकानात साडी निवडावी तशी ती फांदी निवडत होती.

"कोण तुम्ही?" त्याने तोंडातल्या फेसासकट विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"फांदी पाहिजे का?"

मान हलली.

"मग बोला ना. घ्या, मी कुठे नाही म्हणतो..."

तिने मानेने नकार दिला. मग फार समजूतदारपणे, लहान मुलाला समजवावं तसं, ओठांकडे बोट केलं, फांदीकडे केलं, दोन्ही हातांचा तांब्या करून दाखवला आणि शेवटी आभाळाकडे बोट दाखवलं.

अनिकेत मनाने चांगला मुलगा. त्याला सगळं समजलं. बिचारीला बोलता येत नाही, भूक लागली आहे, पाणी हवं आहे आणि देव आपलं भलं करेल. तो घरात धावला, बिस्किटांचा पुडा आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. तोवर ती गेली होती. भिंतीवर कोयता तेवढा राहिला होता, आणि धुक्यात कापल्या शेवग्याचा हिरवा वास.

त्याच दिवशी दहा वाजता तो वडिलांना, म्हणजे भाईदास साळवे मास्तरांना, साखर तपासायला लॅबमध्ये घेऊन गेला. पांढरा कोट घातलेल्या मुलीने मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "मूठ आवळा, काका. भिंतीकडे बघा."

भिंतीकडे अनिकेतच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही बोलता?"

"ड्यूटीवर असताना," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. "माझा कोयता कुठे आहे?"

"घरी. नीट ठेवलाय."

दंडात सुई असलेल्या मास्तरांना आपला मुलगा एका परक्या मुलीचा कोयता घरी नीट ठेवतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांची साखर त्या दिवशी जास्त आली.

मुलीचं नाव प्रतिभा डाबरे. वय एकोणतीस. मूळचे वसईचे कॅथलिक. वडील कागद कारखान्यात नोकरीला म्हणून इकडे आले, निवृत्त होऊन राजपुऱ्यातच राहिले. आई लवकर गेली, तेव्हापासून घर मालूआत्याच्या हातात. आत्याने तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं, आणि तिथल्या एका जर्मन सिस्टरकडून दोन गोष्टी शिकली होती. एक, जखम बांधणं. दुसरी, संत बार्बराची फांदी.

संत बार्बराचा सण चार डिसेंबरचा. त्या पहाटे घरातल्या लग्नाच्या मुलीने उपाशीपोटी जाऊन फळझाडाची फांदी तोडायची. फांदी पाण्यात पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नाताळापर्यंत ती फुलली की वर्षाच्या आत लग्न. सिस्टरच्या गावी चेरीची फांदी तोडत. बुऱ्हाणपुरात चेरी फक्त केकवर मिळते, म्हणून आत्याने शेवगा मंजूर केला. फांदी दुसऱ्याच्या झाडाची हवी, हे कलमही तिनेच घातलं, कारण स्वतःचं झाड नव्हतं.

सहा वर्षं प्रतिभा फांदी आणत होती. सहाही वर्षं तिला पानं आली, फूल आलं नाही. प्रतिभा वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, तरी फांदी निवडायला तिला अर्धा तास लागे. आत्या म्हणे, ही श्रद्धा.

यंदा मात्र फांदी आणली त्याच संध्याकाळी पपांनी तीन तिकिटं टेबलावर ठेवली. वसईची, सत्तावीस डिसेंबरची. मामांनी विरारचा एक मुलगा पाहिला होता. तो बोटीवर नोकरीला होता, वर्षातले नऊ महिने समुद्रात असे आणि उरलेले तीन घरी येऊन झोपे, असं मामांनी कौतुकाने कळवलं होतं. पपा म्हणाले, सहा वर्षं मी बार्बराबाईंच्या मध्ये पडलो नाही. यंदा फांदी फुलली तर तिकिटं फाडू. नाही फुलली, तर तू वसईला येऊन मुलगा बघायचा आणि त्याला नाही म्हणायचं नाही. आवाज चढवून सांगितलं असतं तर प्रतिभा भांडली असती. ते हळू आवाजात म्हणाले, चष्मा पुसत... म्हणून ती हो म्हणाली.

रात्रभर तिने तांब्यातल्या फांदीकडे पाठ केली होती.

तांब्या मागच्या खिडकीत असे. खिडकी साळव्यांच्या अंगणात उघडे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अनिकेत कोयता परत करायला खिडकीशी आला, आणि फांदी पाहून थांबला. तो जवळच्या फोपनारला केळीची रोपं तयार करणाऱ्या नर्सरीत कामाला होता. झाडाचा पेराएवढा तुकडा काचेच्या बाटलीत जगवायचा, हेच त्याचं रोजचं काम.

"पाणी रोज बदलावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "कोमट. देठ तिरका कापून. हे नाजूक काम आहे, ज्याचं त्याला जमतं."

"तुम्हाला जमतं?"

"माझा पगारच त्याचा आहे."

असा तो रोज सातला येऊ लागला. ती आतून तांब्या पुढे करायची, तो बाहेरून धरायचा. तांब्या लहान, बोटं चार-चार... कुठे ना कुठे लागायचीच. दोघंही त्या वेळी फांदीकडे अतिशय लक्ष देऊन पाहायचे. धुक्यात केळीच्या पहिल्या गाड्या मंडीकडे जाताना ऐकू यायच्या, कुणाच्या तरी चुलीचा धूर खिडकीपर्यंत यायचा, आणि कोमट पाण्याची वाफ तिच्या चेहऱ्यासमोरून वर जायची. त्या वाफेआडून अनिकेतला ती दिसायची, न दिसायची. नर्सरीतल्या बाटल्यांवर दिवसभर तो त्या वाफेत हरवून चुकीच्या तारखा लिहायचा.

एकदा त्याने विचारलं, ही बार्बरा कोण? तिने सांगितलं. फार पूर्वीची मुलगी. बापाने तिला श्रद्धेपायी तुरुंगात पाठवलं. नेताना झग्यात एक वाळकी काटकी अडकली. प्यायला मिळे त्यातलं घोटभर पाणी ती रोज काटकीला घाली.

"आणि?"

"काटकी फुलली."

"आणि बार्बरा?"

"तिला त्याच दिवशी मारलं."

अनिकेतने थोडा विचार केला. "लग्नासाठी गोष्ट एकदम बरी निवडलीत तुम्ही लोकांनी."

"तुमचे संत काय करतात?"

"आमच्यात संत नसतात. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्यात फक्त समित्या."

ती हसली. तांब्यातलं पाणी हललं, आणि एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. तो त्याने नर्सरीला पोहोचेपर्यंत पुसला नाही.

समित्यांपैकी चार समित्यांवर भाईदास मास्तर होते. काटकी पाण्यात घालून लग्नाचं भविष्य बघणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असं त्यांनी भिंतीपलीकडे जाईल इतक्या आवाजात सांगितलं. मालूआत्याने तितक्याच आवाजात त्यांच्या साखरेचा आकडा सांगितला. त्यानंतर दोन्ही मंडळ्यांत शांतता नांदली. आत्याने नाताळाचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोड गोळे, तळले तेव्हा एक बिनसाखरेचा घाणा वेगळा काढून भिंतीवर ठेवला. मास्तरांनी ताट धुऊन परत पाठवलं, म्हणजे ते विरघळले होते.

बारा तारखेला फांदीला पानं फुटली. कोवळी, बारीक, पोपटी. अठराला ती तांब्याबाहेर झुकली. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. कुठल्या सकाळी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. वसईच्या तिकिटांची गोष्ट तिने वीस तारखेला सांगितली, फांदीकडे बघत. पाणी त्या दिवशी अनिकेतने दोनदा बदललं.

चोवीसला तिने विचारलं, "अनिकेत... फुलेल ना?"

त्याने पानांवरून बोट फिरवलं. "उद्या सांगतो," म्हणाला, आणि मागे न बघता गेला.

पंचवीसच्या सकाळी प्रतिभा चर्चमधल्या मिस्सेसाठी नवी साडी नेसून खिडकीशी आली, आणि पदर खोचायचं विसरली.

फांदी फुलली होती. थोडीथोडकी नाही, झुपक्यांनी. पांढरट, मऊ, मधासारख्या वासाची फुलं. खिडकीतल्या उन्हात ती अशी दिसत होती की क्षणभर प्रतिभाला आपण अजून झोपेत आहोत असं वाटलं. तिने हात लावला. एक झुपका कलला. त्याच्या देठाला जखम बांधायची पांढरी पट्टी होती, दवाखान्यातल्या सराईत गाठीची. आत्या. दुसरा झुपका सुतळीने करकचून आवळला होता, कारखान्यात गठ्ठे बांधतात तसा. पपा... ज्यांनी स्वतः तिकिटं काढली होती, ते पपा.

तिसरा केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, बांधला होता. ते वाळकं सोपट बघून तिच्या छातीत काहीतरी गोड हललं, आणि लगेच थोडं दुखलं. म्हणजे त्यानेही फसवलं.

अनिकेत आला. नवा शर्ट, ओले केस. फांदीकडे पाहून त्याने एक झुपका बोटाने उचलला आणि खालची गाठ पाहिली.

"काल तुमच्याकडे शेवग्याच्या फुलांची भाजी होती?"

"नाही."

"आत्या दुपारी ओंजळभर घेऊन गेल्या, भाजीला म्हणून. संध्याकाळी पपा पिशवी घेऊन आले, तेही भाजीला."

"आणि सोपटवाला?"

"मी नाही," तो म्हणाला, आणि तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा ते खरं होतं.

मग दोघांनी एकदम साळव्यांच्या ओसरीकडे पाहिलं. मास्तर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. आजचं अजून दारातच पडलं होतं. हातातलं कालचंच होतं, आणि धोतरावर सोपटाचे तुकडे पडले होते. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले की एका याजकाची वाळकी काठी एका रात्रीत फुलल्याचा दाखला शास्त्रात आहे, त्यामुळे तत्त्वतः हरकत घेता येत नाही. आणि गोळी घ्यायची राहिली म्हणून ते आत गेले. गोळी त्यांनी सातलाच घेतली होती.

आता खिडकीशी दोघंच राहिले.

"मी फुलं बांधली नाहीत," अनिकेत म्हणाला, "पण माझं त्याहून वाईट आहे. ही फांदी फुलणार नव्हती, प्रतिभा. पाच तारखेला बघितलं तेव्हाच कळलं होतं. नुसता कोवळा फोक आहे हा. सरळ, गुळगुळीत. याला पानं येतात, फूल येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पाणी बदलायला कसा आलो असतो?" तो तांब्याकडे बघत होता. "तू त्या पहाटे पाच मिनिटं गप्प होतीस. मी एकवीस दिवस गप्प राहिलो. तुझ्या तिकिटांचं कळल्यावर तर बोलायलाच पाहिजे होतं. पण बोललो असतो तर त्या दिवशीच खिडकी बंद झाली असती... मला एवढंच सांगायचं होतं. तू वसईला जाऊ नकोस. फांदीमुळे नाही. मी सांगतो म्हणून."

प्रतिभाने एक पान तोडलं, बोटांत फिरवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फोक आहे ते. सहा वर्षं मी फोकच तोडते, अर्धा अर्धा तास शोधून. लग्न नको होतं मला, आणि आत्याचं मन मोडवत नव्हतं. यंदाही तोच तोडला... आणि संध्याकाळी पपांनी तिकिटं ठेवली."

अनिकेत तिच्याकडे बघतच राहिला. "मग फुलणार नाही हे माहीत असताना रोज तांब्या पुढे करत होतीस?"

"तू माहीत असताना रोज धरत होतास."

आत आत्या मिस्सेला उशीर होतोय म्हणून सगळ्या घराला ऐकवत होती. पपांनी ड्रॉवर उघडल्याचा आणि काहीतरी कागद फाटल्याचा आवाज आला. तीनदा. आत्याने विचारलं, फांदीकडे बघितलं का कुणी? पपा अत्यंत आश्चर्याने म्हणाले, नाही, का?

"प्रतिभा," अनिकेत हळूच म्हणाला, "मी एवढं बोललो. आता तू बोल ना..."

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी समजूतदारपणे, लहान मुलाला समजवावं तसं, त्याच्याकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, दोन्ही हातांचा तांब्या करून दाखवला, आणि शेवटी आभाळाकडे बोट दाखवलं.

या वेळी अनिकेतला सगळं बरोबर समजलं. तरीही तो घरात धावत गेला आणि बिस्किटांचा तोच पुडा घेऊन आला. तिने खिडकीतून हात पुढे केला, आणि पुडा नाही, त्याचा हात धरला.